संप्रेरके, अनुकंपी चेतातंतू आणि हृदयगतीचे नियमन

प्रस्तावना :
पाठ्यपुस्तकांत चेतासंस्था व अंतःस्रावी संस्था यांचा विचार स्वतंत्र प्रकरणांत केला जातो. अध्यापनाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असली, तरी हृदयगतीच्या संदर्भात ती अपुरी पडते. संप्रेरके हृदयावर थेट परिणाम करतातच; शिवाय हृदयाकडे येणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंचे कार्यही ती कमी-अधिक करतात. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने या दुसऱ्या मार्गाचे विवेचन केले आहे.

चेतातंतू व हृदय :
उजव्या कर्णिकेतील गतिकारक पेशींची स्वतःची लय मिनिटाला सुमारे १०० ठोक्यांची असते. विश्रांतीच्या वेळी परानुकंपी तंतू ती सुमारे ७० पर्यंत खाली आणतात. अनुकंपी तंतू नॉरएड्रेनॅलिन स्रवून ती वाढवितात. चेतासंदेश रासायनिक द्रव्यामार्फत हृदयास पोहोचतो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून दाखविले. अनुकंपी तंतूंतील हे द्रव्य नॉरएड्रेनॅलिन असल्याचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये सिद्ध केले.

चेताटोकावरील नियंत्रण :
अनुकंपी तंतूच्या टोकावरही ग्राही असतात. स्रवलेले नॉरएड्रेनॅलिन तेथील अल्फा-२ ग्राहींवर क्रिया करून पुढील स्राव रोखते. याउलट, अधिवृक्क ग्रंथीतून रक्तात आलेले एड्रेनॅलिन बीटा-२ ग्राहींद्वारे हा स्राव वाढविते. मूत्रपिंडातील रेनिनमुळे तयार होणाऱ्या साखळीतील अँजिओटेन्सिन-२ हेही तसेच कार्य करते; शिवाय ते मेंदूतील केंद्रांवर क्रिया करून अनुकंपी संदेश वाढविते. परिणामी तेवढ्याच चेतासंदेशातून अधिक नॉरएड्रेनॅलिन बाहेर पडते.

थेट मार्गाचा पुरावा :
हृदयरोपणात चेतातंतू तोडले जातात. अशा हृदयाची विश्रांत गती अधिक असते. व्यायामाच्या आरंभी ती लगेच वाढत नाही; रक्तातील एड्रेनॅलिन वाढल्यावर काही मिनिटांनी ती हळूहळू वाढते.

अवटू संप्रेरकाचे प्रकरण :
अवटू ग्रंथीच्या अतिस्रावात धडधड, कंप व घाम ही अनुकंपी उत्तेजनेसारखी लक्षणे दिसतात. मात्र रक्तातील नॉरएड्रेनॅलिन बहुधा सामान्य वा कमीच असते. येथे संप्रेरक गतिकारक पेशींवर थेट क्रिया करते. बीटा-रोधक औषधांनी लक्षणे शमतात, तरी मूळ कारण ग्रंथीत असते. केवळ चिंता समजून उपचार केल्यास निदान लांबते.

वैद्यकीय महत्त्व :
हृदय अकार्यक्षम होऊ लागले की अनुकंपी उत्तेजना व अँजिओटेन्सिन एकमेकांस बळ देतात. आरंभी रक्तदाब टिकविणारी ही व्यवस्था दीर्घकाळ चालू राहिल्यास हृदयस्नायूची हानी करते. अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणाऱ्या एनालाप्रिलमुळे तीव्र हृदय-अकार्यक्षमतेतील मृत्यू घटतात, हे १९८७ मध्ये दिसून आले. १९९९ मध्ये बीटा-रोधकांबाबतही असेच निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष :
हृदयगती वाढली एवढ्यावरून कारण ठरत नाही. बदल चेतासंदेशात आहे, चेताटोकावरील स्रावात आहे की हृदयपेशीत, हे तीन प्रश्न वेगळे ठेवणे निदानासाठी व अध्यापनासाठीही आवश्यक आहे.