ठासणीच्या बंदुकीची निगा व नळींत अडकलेला गज

आमच्या अमरावती व अकोला जिल्ह्यांत, विशेषतः मेळघाटच्या पायथ्याच्या गांवीं, हरभऱ्यावर व तुरीवर रोही आणि रानडुकरें यांची धाड पडते. यास्तव पीकरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक कांहीं घरीं अद्याप आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें परवानगीवांचून जनावर मारतां येत नाहीं; सबब ती बहुतेक दिवस खुंटीसच असते. जी वस्तु क्वचित् वापरांत येते, तिचीच हयगय अधिक होते. महसूल खात्यांत कारकुनी करितांना परवान्यांचे कागद आम्हीं पुष्कळ हाताळले. परंतु बंदुकीची निगा आम्हांस एका चुकीनेंच शिकविली.

एके वर्षीं मृगाच्या सुमारास आम्ही घरची बंदूक साफ करावयास बसलों. गजास जाड चिंधी गुंडाळून तो कोरडाच नळींत दडपला. तो खालीं जाऊन रुतला व हलेना. शेजाऱ्यानें सांगितलें, “टोपी लावून उडवा, गज आपोआप निघेल.” तोंच आमच्या वृद्ध चुलत्यांनीं आमचा हात धरला. रिकाम्या नळीच्या मापाची खूण गजावर होती, ती नळीच्या तोंडाबाहेर चार बोटें राहिली होती. मागील हंगामाचा बार आंत तसाच होता! घोडा पाडला असता, तर नळी फुटून आमचा हात तरी जाता किंवा समोरच्या कोणाचा प्राण तरी.

म्हणून पहिला नियम हा कीं, चिंधी लावण्यापूर्वीं नुसता गज सोडून खूण पाहावी. नळीचें तोंड माणसाकडे कधींही करूं नये.

बंदुकीच्या दारूंत सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असतो. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घन मळाच्या रूपानें मागें उरतो. त्यांतील क्षार हवेंतील ओल ओढून घेतात व लोखंड गंजतें. हे क्षार तेलांत विरघळत नाहींत, पाण्यांत विरघळतात. यास्तव बार काढल्याच्या दिवशींच नळी कोमट पाण्यानें धुवावी. चिंधी ओली व पातळ असावी. हलक्या हातानें जात नसेल तर ती जाड आहे असें समजावें. चिंधी स्वच्छ निघूं लागली म्हणजे नळी पुरती कोरडी करून शिवणयंत्राचें तेल लावावें. घरचें जवसाचें तेल लावूं नये. तें वाळून चिकट होतें.

इतकें करूनही गज अडकलाच, तर प्रथम टोपी काढावी. नळीच्या तोंडाकडून गजाच्या कडेनें भरपूर पाणी सोडावें व मळ भिजूं द्यावा. पुढें घट्ट दोरी बांधून, तोंडासमोर न उभें राहतां, गज सरळ ओढावा. टोंक आट्यांचें असल्यास पिळूं नये, तें सुटून आंतच राहतें. आंत बार असल्यास नळी वाळण्यापूर्वीं तो काढविणें अवश्य आहे, कारण भिजलेली दारू वाळल्यावर पुनः पेट घेते. नळी तापवूं नये, ठोकूं नये. गज न निघाल्यास परवानाधारक कारागिराकडे जावें. त्याची मजुरी हाताच्या पंजाहून महाग नाहीं.

ज्यांच्या गजावर खूण नसेल, त्यांनीं बंदूक रिकामी असल्याची खात्री कारागिराकडून करून घेऊन ती आजच करावी.