शपथेने न सुटणारे व्यसन

अफू मराठी घराला नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' चाटवून झोपवीत. त्या गोळीत अफू असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत अफूपासून मॉर्फिन वेगळे काढण्यात आले, आणि १८९८ मध्ये मॉर्फिनपासून बनवलेले हेरॉइन चक्क खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आले. १९८० नंतर याच हेरॉइनची अशुद्ध भुकटी मुंबई-पुण्यात पुड्यांतून मिळू लागली. तिचे नाव ब्राउन शुगर; तरुणांच्या बोलीत 'गर्द'.

गर्द घेणारा मुलगा ती सोडत का नाही, हा प्रश्न घरोघर विचारला जातो. त्याचे उत्तर मेंदूत आहे. वेदना शमवणारी काही द्रव्ये आपले शरीर स्वतःच तयार करते. अफूवर्गीय पदार्थ नेमकी त्यांचीच जागा बळकावतात. रोजच्या माऱ्याला मेंदू सरावतो, तेवढ्याच पुडीने काही होईनासे होते, म्हणून मात्रा वाढते. मग एक दिवस पुडी मिळत नाही आणि 'टर्की' सुरू होते : नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, हातापायांत कळा, उलट्या, जुलाब, झोप तर नाहीच. हे नाटक नव्हे. मौजेखातर घेतलेली पुडी आता नुसते उठून उभे राहण्यासाठी लागते.

अशा मुलाला आई गळ्याची शपथ घालते. तो ती खरोखर मनापासून घेतो आणि संध्याकाळी मोडतो. 'लग्न करून द्या, सुधारेल' असे सुचवणारे वडीलधारेही असतातच. त्या मुलीचा विचार मात्र कोणी केलेला नसतो! पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहिले आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतले, याचे महत्त्व इथे कळते.

टर्की साधारण आठवड्याभरात ओसरते. ओढ मात्र महिनोन्महिने टिकते. म्हणून काहींना डॉक्टर ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दीर्घकाळ देतात. 'एक व्यसन सोडून दुसरे लावले' ही टीका मला पटत नाही. मधुमेही रोज इन्सुलिन टोचून घेतो, त्याला आपण व्यसनी म्हणतो काय? उपचार कोठे मिळतील हे १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य विचारता येते.

एक गोष्ट मित्रांना ठाऊक हवीच. काही आठवडे गर्द बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी मोह होऊन जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. उपचार घेऊन परतलेला मित्र हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणून त्याला खोलीत एकटे सोडू नये. रुग्णवाहिका बोलवावी, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, आणि काय घेतले ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. यावर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे. तो वेळेवर मिळाला तर काही मिनिटांत श्वास पूर्ववत होऊ लागतो. पण त्याचा परिणाम गर्दच्या आधी उतरू शकतो; म्हणून मित्र शुद्धीवर येऊन 'आता घरी जाऊ' म्हणाला, तरी त्याला रुग्णालयातच थांबवावे.