टॉवरला आपल्या फोनची वाट कशी कळते?

मोबाइल टॉवरवरच्या अनेक अँटेना एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर चौघांशी बोलू शकतात. अट एकच: माझ्यासाठीच्या लाटा तुमच्या फोनपाशी एकमेकींना खोडून निघाल्या पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक फोनपर्यंतचा चॅनल, म्हणजे लाटा वाटेत कशा बदलतात ते, टॉवरला ठाऊक हवं. हा चॅनल मोजतो फोन. पण मोजलेलं सगळंच उलट कळवत बसलं, तर डेटाला जागा कुठून उरणार?

यावरचा तोडगा मला फार आवडतो: कोडबुक. टॉवर आणि फोन, दोघांकडे दिशांची एकच यादी असते आणि फोन आपल्या चॅनलशी सर्वांत जुळणाऱ्या दिशेचा फक्त क्रमांक कळवतो. एलटीईच्या पहिल्या आवृत्तीत चार अँटेनांसाठी १६ नोंदी होत्या, म्हणजे निरोप अवघा ४ बिटांचा!

एकाच फोनशी बोलायला एवढं पुरतं. अनेकांशी एकदम बोलताना मात्र दिशेतली बारीकशी चूकही शेजाऱ्याकडे गोंगाट होऊन पोचते, आणि टॉवरने ताकद वाढवली की तो गोंगाटही वाढतो. संशोधक निहार जिंदल यांनी २००६ साली याचा हिशेब मांडला. चार अँटेना असतील, तर हा गोंगाट आटोक्यात ठेवायला सिग्नलची ताकद दुप्पट करताना दर वेळी प्रत्येक फोनच्या निरोपात साधारण ३ बिट वाढवावे लागतात. एवढ्या गुंतागुंतीतून इतकं सुटसुटीत सूत्र निघावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दुसरी युक्ती हा निरोपच टाळते. भारतातल्या ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात जाणं-येणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, आळीपाळीने होतं. त्यामुळे फोनने पाठवलेल्या ठरावीक खुणेवरूनच टॉवर उलट दिशेचा चॅनल ताडतो. ७०० मेगाहर्ट्झमध्ये दोन्ही दिशांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या, तिथे पुन्हा कोडबुकच कामी येतं.