बावन्न वजा सत्तावीस

एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गात मागे बसलो होतो. फळ्यावर पाव, अर्धा, पाऊण चाललं होतं. शेजारच्या मुलाला मी वहीत 52 वजा 27 घालून दिलं. त्यानं झटकन 35 लिहिलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले: पाच. पाचातून दोन गेले: तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्यानं इमानानं पाळला होता. दशक सुटा करणं मात्र दुसरीतच कुठेतरी निसटलं होतं आणि नंतर त्यासाठी कुणाला वेळ मिळाला नव्हता.

शाळा सुधारण्याचे जे उपाय आपण पारावर बसून सांगतो, ते या 35ला लावून पाहावेत.

‘खासगी शाळेत घाला, म्हणजे शिकेल.’ वरवर पाहता आकडे याच बाजूचे आहेत. शाळकरी मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं सरकारी शाळांत 44.8 टक्के होती, तर खासगी शाळांत 59.3 टक्के. पण फी भरणारं घर, शिकलेली आई, शिकवणी, हे सगळं त्या 59मध्ये मिसळलेलं असतं. ते वेगळं कसं काढायचं? आंध्र प्रदेशातल्या 180 गावांत ते काढून पाहिलं गेलं. सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांकडून अर्ज घेतले, चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्यांचा नंबर लागला त्यांची खासगी शाळेची फी भरली. चार वर्षांनी अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तपासलं, तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. खासगी शाळेतली मुलं पुढे होती ती हिंदीत, कारण सरकारी प्राथमिक शाळेत तिथे हिंदी जवळपास शिकवलीच जात नव्हती.

यावर सरकारी शाळांनी पाठ थोपटून घेऊ नये. त्या खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, आणि गणित-तेलुगूला त्या तासही कमी देत होत्या. निष्कर्ष एवढाच, की शाळेची पाटी बदलल्यानं 35चं 25 होत नाही.

‘ढकलपास बंद करा, सगळं सुधारेल.’ शिक्षणहक्क कायद्यानं परीक्षा काढून टाकल्या, हाच मुळात गैरसमज आहे. आकारिक आणि संकलित मूल्यमापन चालूच होतं. बंद होतं ते नापास करणं. 2019मध्ये कायदा बदलला आणि 2023मध्ये महाराष्ट्रानं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास पुन्हा संधी आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात, असा नियम केला. ठीक आहे. पण ज्याची वजाबाकी दुसरीत अडली, तो पाचवीत राहिला तरी त्याच्यापुढे पुन्हा पाचवीचंच पुस्तक उघडणार.

डिजिटल वर्गाबद्दल फार लिहीत नाही. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला जास्तीत जास्त 10 हजार रुपये संयुक्त अनुदान मिळतं. खडू, झाडू, नळदुरुस्ती आणि विजेचं बिल त्यातच भागवायचं. पडदा भिंतीवर असतो, मीटर तोडलेलं असतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तो पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे, असं म्हणतात. पण त्या कोडमागे मूल ओळखणारा शिक्षक होता, हे सांगायचं राहून जातं.

मग होतं कशानं? याचं उत्तर इतकं साधं आहे की त्याच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही. दिवसातला एक तास इयत्ता विसरायची. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी ज्याची गाडी जिथे अडली असेल, त्याप्रमाणे गट करायचे आणि तिथून शिकवायचं. ‘प्रथम’ या संस्थेनं मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना बालसखींकडे, म्हणजे वस्तीतल्याच तरुणींकडे बसवलं, त्यातून ही वाट निघाली; अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह तिचा परिणाम मोजला.

‘शिक्षकांना प्रशिक्षण दिलं की झालं’ हा समज मात्र इथेच मोडतो. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना हीच पद्धत शिकवली, साहित्यही दिलं. शाळेच्या वर्षात ढिम्म फरक पडला नाही. त्याच राज्यात, सरकारी शिक्षकांनीच, उन्हाळी शिबिरात हीच पद्धत वापरली आणि महिनाभरात मुलांचं वाचन सुधारलं. शिबिरात अभ्यासक्रम ‘पूर्ण करायचा’ नव्हता, हा मोठा फरक. हरियाणानं त्यातून धडा घेतला: वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास काढला आणि देखरेखीच्या अधिकाऱ्यांना आधी स्वतः काही दिवस वर्गात शिकवायला लावलं. तिथे वाचन सुधारलं.

राहिला ‘गुरुजींना काम काय असतं?’ हा प्रश्न. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27नुसार जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. मात्र मोबाइलवर येणारी ‘माहिती तातडीने सादर करावी’ ही सूचना या कलमात बसते की नाही, हे कुणी विचारत नाही. विचारू शकते ती शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. पण बहुतेक गावांत ती सह्यांपुरती जमते.

त्या दिवशी खिचडी झाल्यावर बाईंनी त्या मुलाला आइस्क्रीमच्या काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या. सत्तावीस मागितल्या. त्यानं दोन गठ्ठे पुढे केले, सुट्या दोन दिल्या आणि थांबला. बाई काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं त्यानं एका गठ्ठ्याचं रबर काढलं, पाच काड्या मोजून दिल्या आणि उरलेल्या मोजल्या. वहीतलं 35 खोडायला त्यानं रबर मागितलं, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. शौचालयाचे फोटो तीनपर्यंत अपलोड करायचे होते.