खरे हेर जंगलातून निसटले, अंदमानात जपान्यांनी मारलं ते आपल्याच बाजूच्या माणसांना

चारी बाजूंनी समुद्र. बाहेर पडायला बोट नाही. आपल्यातलाच कोणीतरी शत्रूला बातम्या पुरवतोय असा संशय, आणि रोज कोणाला ना कोणाला घरातून उचललं जातंय.

वेबसिरीजची स्टोरी वाटते ना? पण हे दुसऱ्या महायुद्धात अंदमानात खरंच घडलंय.

आपल्याकडे अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला गेलेले लोक जेल बघतात, लाइट अँड साउंड शो बघतात आणि बीचवर जातात. पण इंग्रज गेल्यावर त्याच जेलमध्ये कोणाला कोंडलं होतं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

तर झालं असं की, 23 मार्च 1942 ला जपानी फौज पोर्ट ब्लेअरला उतरली. बहुतेक इंग्रज आधीच निघून गेले होते, त्यामुळं प्रतिकार असा झालाच नाही. मागं राहिलेल्यांपैकी मेजर बर्ड यांच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवला गेला आणि आठवडाभरात, लोकांना जमवून, त्यांचं मुंडकं उडवण्यात आलं.

पुढं काय होणार याची ती झलक होती.

पोर्ट ब्लेअरच्या आसपास जपानी जहाजं बुडायला लागली. शत्रूला जहाजांची खबर लागतेच कशी? जपान्यांनी उत्तर काढलं की बेटावर कोणीतरी फितूर आहे. मग धरपकड सुरू झाली. एकाला मारहाण करायची, सहन झालं नाही की तो चार नावं घेणार, मग त्या चौघांना उचलायचं. अशा चौकशीत हेर कधी कमी पडत नाहीत. पहिल्या हेरगिरी खटल्यात पोलीस अधिकारी नारायण राव आणि इतर काही जणांना गोळ्या घातल्या. गंमत म्हणजे हे लोक जपान्यांच्याच कारभारात काम करत होते.

आता मेन ट्विस्ट. अंदमानात हेर खरंच होते!

मेजर डेनिस मॅकार्थी हा अंदमानात काम केलेला जुना पोलीस अधिकारी. जानेवारी 1943 मध्ये ओ-24 नावाच्या डच पाणबुडीतून तो हातावर मोजण्याइतकी माणसं घेऊन बेटावर उतरला. जंगल त्याच्या ओळखीचं होतं. काही आठवडे राहून, माहिती गोळा करून तो पाणबुडीनंच परत गेला. जपान्यांच्या हाती तो लागलाच नाही.

हाती लागले ते डॉ. दिवान सिंग.

1927 पासून अंदमानात राहणारे हे डॉक्टर पंजाबीत कविता लिहायचे आणि 'कालेपानी' याच नावानं ओळखले जायचे. ते इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या अंदमान शाखेचे अध्यक्ष होते. म्हणजे ज्या चळवळीचं नेतृत्व पुढं नेताजींकडे आलं, तिचेच. कागदावर ते जपानचे मित्र. पण लोकांवरच्या जुलमाविरुद्ध ते बोलत राहिले आणि ऑक्टोबर 1943 मध्ये त्यांना हेर ठरवून सेल्युलर जेलमध्ये टाकलं गेलं. लीगचे इतर कार्यकर्तेही पकडले गेले.

इथून पुढच्या तारखा नीट बघा.

29 डिसेंबर 1943 ला नेताजी पोर्ट ब्लेअरला आले आणि 30 तारखेला त्यांनी तिरंगा फडकवला. हा फोटो आपण सगळ्यांनी बघितलाय. त्या दिवशी दिवान सिंग जेलच्या कोठडीत मार खात होते. दौऱ्याची आखणी जपान्यांच्या हातात होती. नेताजींना कितपत कल्पना होती यावर आजही वाद होतात. 14 जानेवारी 1944 ला छळानं दिवान सिंगांचा जीव गेला. आणि 30 जानेवारीला, म्हणजे झेंडा फडकल्याला बरोबर महिना झाला त्या दिवशी, हंफ्रेगंजला 44 जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यातले बरेच जण लीगचेच होते.

फेब्रुवारीत आझाद हिंद सरकारचे लेफ्टनंट कर्नल लोगनाथन बेटांचा कारभार बघायला आले. हेरगिरीची प्रकरणं चालू आहेत म्हणून पोलीस खातं जपान्यांनी त्यांना दिलंच नाही. त्यांच्याकडे आलं ते शिक्षण खातं.

आज हंफ्रेगंजला त्या 44 जणांचं स्मारक आहे आणि शहरात डॉ. दिवान सिंगांच्या नावाचा गुरुद्वाराही. टूरवाल्यांच्या यादीत ही ठिकाणं सहसा नसतात, त्यामुळं जायचं असेल तर गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा.