विकिपीडियावर कंपनीचं पान : राऊटर बनवणाऱ्या कंपन्यांकडे बघून शिकूया



"सर, आमच्या फर्मचं विकिपीडियावर पान करायचंय, किती खर्च येईल?" ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न एकदा तरी येतोच. विचारणाऱ्याचं गणित साधं असतं. व्हिजिटिंग कार्ड झालं, वेबसाइट झाली, इन्स्टाग्राम झालं, आता विकिपीडिया राहिलं.

खर्चाचं उत्तर शून्य आहे. पान बनवायला विकिपीडिया एक रुपयाही घेत नाही. पण तिथलं पान तुमच्या मालकीचं नसतं. दुकानाची पाटी आपण रंगवतो, पण गावात आपल्याबद्दल काय बोललं जातं ते आपण ठरवत नाही. विकिपीडिया म्हणजे ती पाटी नव्हे, गावातलं ते बोलणं आहे, आणि तेही पुराव्यासकट.

हे नीट समजावं म्हणून आज एकच क्षेत्र घेऊ, घरातल्या वायफायचं. राऊटरचा डबा आपण विकत घेतो, कपाटावर ठेवतो आणि विसरून जातो. आत काय चाललंय ते कळत नाही, पण आपले बँकेचे पासवर्ड, मुलांचे फोन, दुकानाचा कॅमेरा सगळं त्यातूनच जातं. म्हणून अशा कंपनीबद्दल विश्वकोशात काय लिहिलंय याला फार किंमत आहे. खोटी स्तुती लिहिली तर ग्राहकाचं नुकसान. खोटा आरोप लिहिला तर कंपनीत काम करणाऱ्यांचं आणि तिचा माल विकणाऱ्या डीलरचं नुकसान. त्या डीलरमध्ये उद्या तुम्हीही असाल.

डी-लिंकचं उदाहरण

डी-लिंक हे नाव तुम्ही डब्यावर पाहिलं असेल. 1986 मध्ये तैवानमध्ये, तैपेई इथे ही कंपनी सुरू झाली. तेव्हा नाव होतं डेटेक्स सिस्टिम्स. आता समजा तिच्यावर लेख लिहायची जबाबदारी तुमच्यावर आली, तर काय लिहाल?

कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला विचारलं तर तो सांगेल, "जगातली आघाडीची कंपनी, अत्याधुनिक तंत्रज्ञान, कोट्यवधी समाधानी ग्राहक." चिडलेल्या ग्राहकाला विचारलं तर तो म्हणेल, "फ्रॉड आहेत सगळे." दोघांचंही वाक्य विश्वकोशात जात नाही. पहिलं वाक्य जाहिरात आहे, दुसरं राग आहे.

मग जातं काय? तिसऱ्या माणसाने लिहिलेलं, ज्याचा कंपनीत पैसा नाही आणि कंपनीशी भांडणही नाही. विकिपीडियाचा पायाच हा आहे. कंपनीशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या, एकापेक्षा जास्त ठिकाणी तिच्याबद्दल सविस्तर छापून आलेलं असलं पाहिजे. कंपनीची प्रेस नोट जशीच्या तशी छापली असेल तर ती मोजत नाहीत. पैसे देऊन छापून आणलेली 'यशोगाथा' तर नाहीच नाही. मालकाची मुलाखतही फारशी उपयोगाची नसते, कारण तिथे बोलणारा मालकच असतो.

आता डी-लिंकच्या खात्यावरची अवघड नोंद बघा. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी यंत्रणेने, डी-लिंकवर खटला भरला. आरोप गंभीर होते. जाहिरातीत सुरक्षेच्या मोठ्या गोष्टी करायच्या आणि प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये युजरनेम 'गेस्ट' आणि पासवर्डही 'गेस्ट' असा कायमचा बसवलेला. सॉफ्टवेअर अस्सल आहे हे सिद्ध करणारी कंपनीची गुप्त डिजिटल चावी सुमारे सहा महिने एका सार्वजनिक वेबसाइटवर उघडी पडलेली. मोबाइल ॲपचे लॉगिन फोनमध्ये साध्या, वाचता येईल अशा अक्षरांत साठवलेले.

वाचून राग येतो ना? पण थांबा, हे आरोप आहेत. कंपनीने ते नाकारले. सप्टेंबर 2017 मध्ये न्यायाधीशांनी सहापैकी तीन मुद्दे फेटाळले. त्यातल्या एका मुद्द्याबाबत त्यांचं म्हणणं असं होतं की ग्राहकांचं प्रत्यक्ष नुकसान झाल्याचं सरकारने दाखवलेलं नाही. बाकीचे मुद्दे चालू राहिले. जुलै 2019 मध्ये तडजोड झाली. कंपनीच्या अमेरिकन शाखेने सॉफ्टवेअर सुरक्षेचा पूर्ण कार्यक्रम राबवायचा आणि दहा वर्षं, दर दोन वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायची, असं ठरलं. कंपनी दोषी असल्याचा निकाल त्यात नाही.

आता वाक्य कसं लिहायचं? "डी-लिंकने ग्राहकांना फसवलं" असं लिहिलं तर ते चुकीचं, कारण असं कोणत्याही कोर्टाने म्हटलेलं नाही. "डी-लिंक निर्दोष सुटली" हेही चुकीचं, कारण दहा वर्षांची तपासणी कोणी हौसेने मान्य करत नाही. बरोबर वाक्य कंटाळवाणं असतं. अमुक साली अमुक यंत्रणेने असा आरोप केला, कंपनीने नाकारला, कोर्टाने इतके मुद्दे काढून टाकले, अमुक साली या अटींवर तडजोड झाली. तारीख, कोण म्हणालं, पुढे काय झालं. बस्स. माझ्या मते निष्पक्षपणा नव्वद टक्के क्रियापदांत असतो. 'केला', 'आरोप केला', 'मान्य केलं', 'सिद्ध झालं' ही चार वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि लोक ती एकाच पिशवीत टाकतात.

गोव्याची कंपनी वेगळी!

इथे आपल्याकडची एक गंमत सांगतो. डी-लिंक इंडिया लिमिटेड ही आपल्या शेअर बाजारात नोंदलेली वेगळी कंपनी आहे, आणि तिचं नोंदणीकृत कार्यालय गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे. त्याच वसाहतीत स्मार्टलिंक आहे. या दोघांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, आणि पुढे स्मार्टलिंकने 'डिजिसोल' हा स्वतःचा ब्रँड आणला.

मग अमेरिकेतला तो खटला गोव्याच्या कंपनीच्या लेखात टाकायचा का? खटला होता तैवानची मूळ कंपनी आणि तिची अमेरिकन शाखा यांच्यावर. नाव सारखं म्हणून डाग तिकडे नेऊन लावणं हा अन्याय आहे. आणि उलटंही खरं. वेर्ण्याच्या कंपनीचं चांगलं काम तैवानच्या नावावर जमा करणं हीसुद्धा गडबडच. आपल्याकडे एकाच आडनावाच्या तीन भावांची तीन दुकानं असतात आणि गिऱ्हाईक तिघांना एकच समजतं. तसंच आहे हे. लेख लिहिताना आधी विचारायचं, 'कोणती कंपनी?'

घाई केली की काय होतं

दुसरं उदाहरण युबिक्विटी या अमेरिकन कंपनीचं. वायफाय उपकरणांच्या धंद्यातलं मोठं नाव. जानेवारी 2021 मध्ये कंपनीने ग्राहकांना कळवलं की आमच्या सिस्टिममध्ये अनधिकृत प्रवेश झालाय, पासवर्ड बदला. मार्चअखेर एका नामांकित सायबरसुरक्षा पत्रकाराने बातमी दिली. कंपनीच्या आतल्या एका 'जागल्या'चं म्हणणं होतं की प्रकार भयंकर आहे आणि कंपनी तो दाबतेय. शेअर सुमारे 20 टक्के कोसळला. बाजारमूल्यातून चार अब्ज डॉलरहून जास्त रक्कम उडाली.

डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने एका माजी कर्मचाऱ्याला अटक केली. आरोपपत्रानुसार डेटा चोरणारा तोच, निनावी राहून जवळपास 20 लाख डॉलरची खंडणी मागणारा तोच, आणि 'जागल्या' बनून पत्रकाराला माहिती पुरवणाराही तोच! 2023 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधीच, 2022 मध्ये, कंपनीने त्या पत्रकारावर दावा लावला होता. शेवटी त्याने ते लेख काढून टाकले आणि माफी मागितली.

विचार करा, एप्रिल 2021 मध्ये कुणी विश्वकोशात "कंपनीने चोरी दडपली" असं सरळ सत्य म्हणून लिहिलं असतं, तर? हेतू चांगला, स्रोत नावाजलेला, तरी वाक्य चुकीचं. "अमुक बातमीत एका निनावी सूत्राने असा दावा केला" असं लिहिणाऱ्याला नंतर फक्त पुढची ओळ जोडावी लागली असती.

आणि हो, याच कंपनीने 2015 मध्ये बनावट ईमेलच्या जाळ्यात अडकून 4 कोटी 67 लाख डॉलर भलत्याच खात्यांत पाठवले होते. ते कंपनीने स्वतः जाहीर केलं. ते लेखात हवंच. अन्याय झालेल्या कंपनीच्या खऱ्या चुका पुसायच्या, असा नियम नाही.

माप किती घ्यायचं?

टीपी-लिंकला 2016 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाशी तडजोड करून 2 लाख डॉलर भरावे लागले होते, कारण काही राऊटर परवानगीपेक्षा जास्त ताकदीने सिग्नल सोडू शकत होते. ही नोंद हवी, पण एका ओळीची. त्यावर चार परिच्छेद आणि कंपनीच्या 1996 पासूनच्या प्रवासावर दोन ओळी, असं झालं तर एकेक वाक्य खरं असूनही लेख खोटा होतो. भाजीत मीठ खरंच असतं, पण वाटीभर नाही.

आता तुमच्या पानाचं

आधी स्वतःला विचारा : आपल्याबद्दल आपण पैसे न देता, आपण न सांगता, कुणी सविस्तर लिहिलंय का? नसेल तर पान टिकणार नाही, कोणत्याही एजन्सीने काहीही सांगू दे. आणि एजन्सीवाल्यांपासून खरंच सांभाळा. 2015 मध्ये इंग्रजी विकिपीडियाने अशी एक टोळी पकडली आणि 381 खाती बंद केली. ही मंडळी नाकारलेले मसुदे शोधायची, त्या व्यावसायिकाला गाठायची आणि पैसे घेऊन पान चढवायची. मग पान 'सुरक्षित' ठेवायला पुन्हा पैसे. ब्रिटनमधले बरेच छोटे व्यावसायिक यात अडकले. वर त्यांची 200 हून जास्त पानंही उडाली.

कुणी म्हणेल, "सर, निदान गूगल रँकिंगसाठी तरी?" विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या लिंकवर 2007 पासून असा टॅग असतो की सर्च इंजिनने ती शिफारस म्हणून मोजू नये. तो फायदा डोक्यातून काढा.

पैसे घेऊन लिहिणं पूर्ण बंद आहे असं नाही. 2014 पासून नियम असा की कोणाकडून पैसे घेतले, कोणासाठी लिहितोय, हे उघड सांगायचं. लपवलं की पान आणि नाव दोन्ही जातं.

आणि समजा तुमच्या कंपनीवर आधीच पान आहे, त्यात स्थापनेचं वर्ष चुकलंय किंवा दुसऱ्याच कंपनीची भानगड तुमच्या नावावर पडलीय. तर लेखात हात घालू नका. लेखाला जोडलेलं 'चर्चा' पान असतं. तिथे लिहा : मी या कंपनीचा मालक आहे, अमुक वाक्य चुकीचं आहे, बरोबर माहितीचा हा पुरावा, कृपया बदलावं. पुरावा तुमच्या वेबसाइटचा नको, छापील बातमी किंवा सरकारी नोंद असेल तर उत्तम. उत्तर यायला दिवस लागतील, कधी आठवडेही. समोर बसलेली माणसं स्वयंसेवक आहेत, दिवसभर आपापली नोकरी-धंदा करून रात्री हे काम करतात.