दौलताबाद किल्ल्याची तटबंदी

दौलताबाद किल्ल्याची तटबंदी ही छत्रपती संभाजीनगर शहराच्या वायव्येस सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या देवगिरी ऊर्फ दौलताबाद किल्ल्याभोवतीची तिहेरी संरक्षक रचना आहे. अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट ही तिन्ही तटांची नावे होत. त्यांच्या मध्यभागी शंकूच्या आकाराची सुमारे २०० मीटर उंचीची टेकडी आहे. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

रचना

सर्वांत बाहेरचा अंबरकोट मलिक अंबरच्या नावाने ओळखला जातो. वेरूळकडे जाणारा रस्ता याच तटातून जात असल्याने अनेक प्रवासी नकळत किल्ल्यात शिरून बाहेरही पडतात. आतील महाकोटाचे दरवाजे एकापाठोपाठ एक असून वाट दर वेळी वळते. त्यामुळे हत्तीला दारावर धडक देण्यासाठी सरळ धाव मिळत नसे. दारांच्या फळ्यांवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. महाकोटाच्या आत चांदमिनार, हत्ती हौद आणि भारतमाता मंदिर लागते. कालाकोटाजवळील चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह कैदेत होता.

तथापि किल्ल्याचे खरे बळ बांधलेल्या भिंतीत नसून तासलेल्या खडकात आहे. टेकडीचा पायथा सभोवार उभा तासून कडा केलेला असून त्याखाली खडकातच खंदक खोदलेला आहे. खंदक ओलांडल्यावर वर जाणारी वाट ‘अंधेरी’ या वळणावळणाच्या भुयारातून जाते. आत शिरलेल्या शत्रूला अंधारात वाट चुकवणे आणि धुराने कोंडणे, अशी तिची योजना होती.

इतिहास

यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी वसवली. एवढा बळकट किल्ला वारंवार हातचा गेला, तो मात्र बहुधा कडा चढून नव्हे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा यादवांची मुख्य फौज दूर होती. घाईने गडावर चढवलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले आणि रामचंद्रदेवाला तह करावा लागला, असे फिरिश्ता सांगतो. १३२७ मध्ये मुहंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे आणून गावाला दौलताबाद हे नाव दिले.

१६३३ चा वेढा तटबंदीच्या अभ्यासासाठी अधिक उद्बोधक आहे. मोगल सेनापती महाबतखानाने सुरुंग लावून आधी अंबरकोट आणि मग महाकोट फोडला. विजापूरकरांचे रसद पोहोचवण्याचे प्रयत्न फसले. मलिक अंबरचा मुलगा फतहखान कालाकोटात मागे हटला. परंतु उपासमार व रोगराईपुढे त्याने जूनमध्ये किल्ला स्वाधीन केला. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांना मिळाला, तोही तहानेच.

पदभ्रमण

अंबरकोटापासून माथ्यापर्यंत पायी गेल्यास संरक्षणाचा क्रम नीट उलगडतो. थेट तिकीटघराशी उतरणाऱ्यास पहिला तट दिसतच नाही. अंबरकोटाचा बराचसा भाग शेतांतून आणि झुडपांतून जातो व काही ठिकाणी ढासळला आहे, त्यामुळे तटावर चढण्यापेक्षा पायथ्याने चालणे सुरक्षित ठरते. अंधेरीत विजेरी जवळ असावी. तेथे वटवाघळांची वस्ती असते. शेकडो पायऱ्या चढल्यावर मोगलकालीन बारादरी लागते. तेथून खालच्या तटांच्या रेषा आणि त्यांमधील गाव व शेते एका दृष्टिक्षेपात दिसतात. उन्हाळ्यात खडक लवकर तापत असल्याने चढण सकाळीच पूर्ण केली जाते.